टाचेचे हाड आणि लहान छेद



आपल्या वऱ्हाडात टाच मोडते ती बहुधा उंचावरून पडून. वरूड-मोर्शीकडे संत्री तोडताना शिडीवरून, अकोल्या-अमरावतीस बांधकामाच्या परांचीवरून. माणूस पायांवर आदळतो आणि अंगाचा सारा भार टाचेच्या हाडावर येतो. हे हाड बाहेरून पातळ कवचाचे, आतून जाळीदार, ते चेपते. त्यावरचा सांधा बिघडला की पाऊल डाव्या-उजव्या अंगास कलत नाही. सडकेवर हे फारसे जाणवणार नाही. नांगरटीतल्या ढेकळांवर मात्र पावलोपावली जाणवते. शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा प्रश्न येथेच आहे.

व्हिएन्नाचे लोरेंझ बोलर यांनी क्ष-किरणचित्रावर या हाडाचा कोन मोजण्याची रीत घालून दिली. निरोगी टाचेत तो २० ते ४० अंश असतो. हाड चेपले की उतरतो. पुढे बाहेरच्या अंगाने मोठा काटकोनी छेद घेऊन पट्टी व स्क्रू बसविण्याची पद्धत रूढ झाली. परंतु तेथील कातडी पातळ, जखम चिघळावयाची. ब्रिटनमध्ये १५१ रुग्णांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांअंती शस्त्रक्रिया झालेले इतरांहून सरस ठरले नाहीत; उलट गुंतागुंत वा फेरशस्त्रक्रिया त्यांच्यात शेकडा २३, इतरांत शेकडा ४. तेव्हा प्रत्येक टाच कापावीच, असे आमचे म्हणणे नाही.

अलीकडे घोट्याखाली दोन-तीन बोटे रुंदीचाच छेद घेऊन तुकडे उचलतात आणि बाकीचे स्क्रू बारीक छिद्रांतून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, बसवितात. जखम चिघळण्याचे भय यात कमी. पण यास मुदत आहे. साधारण दोन आठवड्यांनंतर तुकडे चिकटू लागतात व लहान छेदातून हलत नाहीत. आपल्याकडे नेमके हेच दिवस तेल चोळण्यात जातात! हाडवैद्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. निखळलेला खांदा तो बसवीलही. टाचेचे मात्र चित्रच काढले पाहिजे, आणि कंबर दुखत असेल तर मणक्याचेही, कारण तोच धक्का वरपर्यंत जातो. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; मुंबई-नागपूर गाठण्याच्या विचारात आठवडा दवडू नये.

विडी ओढणाऱ्याची व मधुमेह्याची जखम उशिरा भरते. हे दोन्ही डॉक्टरांपासून लपवू नये. शस्त्रक्रियेनंतरही कित्येक आठवडे पाय टेकता येत नाही. कार्तिकात पडलेल्याने माघापर्यंत शिडीचे नाव काढू नये, आणि घरच्यांनी त्यास बागेत बोलावू नये.