शांतिसेना आणि दहशतवाद



परदेशात फौज पाठवून दहशतवाद मोडता येतो काय, असा प्रश्न निघाला की आपण अमेरिकेकडे बोट दाखवतो. घरचे उदाहरण विसरतो. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना जाफन्यात उतरली. ज्या तामीळ तरुणांची शस्त्रे ती उतरवून घेणार होती, त्यांतील अनेकांना ती चालविण्याचे शिक्षण आपल्याच भूमीवर मिळाले होते! ऑक्टोबरात लिट्टेशी उघड लढाई जुंपली. सिंहली जनतेला ही फौज परकी वाटत होतीच, पुढे तामीळ जनतेलाही ती परकीच वाटू लागली. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा सुमारे १,२०० जवान कामी आले होते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली.

जवानांच्या शौर्याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. परंतु प्रांतांना अधिकार देण्याचे काम बंदुकीचे नव्हते, ते कोलंबोच्या राज्यकर्त्यांचे होते. २००९ साली श्रीलंकेच्या सैन्याने लिट्टेचा पाडाव केला. प्रांतिक परिषदांना पोलीस व जमिनीचे पूर्ण अधिकार मात्र अद्याप मिळालेले नाहीत.