हळदीच्या पानाची साक्ष

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंगत नुकतीच उठली आहे. तृप्त श्रोत्यांपुढे व्याख्यान देणे म्हणजे निद्रादेवीशी स्पर्धा करणे होय, हे मी जाणतो. म्हणून आताच आपण ज्या पातोळ्या खाल्ल्या, त्यांच्याविषयीच चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

आपण सारे गोमंतकातून बाहेर पडलेल्या सारस्वत कुटुंबांचे वंशज. १५१० मध्ये तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली; १५४० पासून देवळांचा विध्वंस सुरू झाला आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याच साली कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास गेला. आपले पूर्वज कारवार, कुमठा, भटकळ, मंगळूर, थेट कोचीपर्यंत विखुरले. शेते गेली, घरे गेली. पुढे भाषेलाही निरनिराळे वळण लागले. कोणी कन्नड लिपी स्वीकारली, कोणी मलयाळम, तर आपण येथे मराठीत व्यवहार करू लागलो. परंतु मंगळूरच्या घरी जा की कोचीच्या, पत्रोड्याच्या पहिल्याच घासाला ओळख पटते. देव पुरुषांनी वाचविले, हे आपण अभिमानाने सांगतो. देवाचा नैवेद्य कोणी वाचविला, हे मात्र कोणी विचारीत नाही.

या नैवेद्याचे सामर्थ्य आपल्याहून आपल्या छळकांनीच अधिक ओळखले होते. इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती प्रजेला अनेक जुन्या चालींची मनाई केली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो दिला आहे. हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून मीठ मागाहून घालू नये, अशीही आज्ञा त्यात आहे! बलाढ्य सत्तेला भाताच्या मडक्यात डोकावावे लागले, कारण मनुष्याचा धर्म बदलला तरी त्याची जीभ जुनीच राहते, हे तिने जाणले होते.

आणि जीभ खरोखरच जुनी राहिली. आपण नागपंचमीस हळदीच्या पानात पातोळ्या करतो. गोव्यातील ख्रिस्ती भगिनी १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणास, त्याच पातोळ्या त्याच पानात उकडतात. आपल्याकडे चतुर्थीच्या सुमारास भाताच्या नव्या लोंब्यांचे ‘नवें’ होते. मंगळूरचे ख्रिस्ती बांधव ८ सप्टेंबरला मोंती फेस्ताच्या दिवशी नव्या लोंब्या घरी आणून त्या दिवशी शाकाहारी जेवण जेवतात. त्यांचेही पूर्वज गोमंतक सोडूनच तेथे गेले. आपल्या वंशावळीत त्यांचे नाव नाही. हळदीच्या पानाने मात्र नाते तोडलेले नाही. ज्ञातीची सीमा आखताना या साक्षीचा आपण विचार करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

आता थोडे घरचे. माझी आजी कारवारची. सणाच्या दिवशी ती पहाटेपासून चुलीपाशी असे आणि बसे ती शेवटच्या पंगतीस; तोवर पातोळी बहुधा उरलेली नसे. तिला मी देवळाचा इतिहास विचारला, घराण्याची वंशावळ विचारली. खतखत्यात तिरफळे केव्हा टाकावीत, हे कधी विचारले नाही. ती गेली आणि ते खतखतेही गेले. आज आमच्या घरी होते ते चांगले असते, पण ते तिचे नव्हे.

गेल्या नागपंचमीस परदेशी असलेल्या माझ्या नातीने दूरध्वनीवरून विचारले, “आजोबा, इथे हळदीचं पान मिळत नाही. केळीच्या पानात केल्या तर चालतील का?” इतिहासावर तासभर बोलणारा मी निरुत्तर झालो. माझी पत्नी शेजारून म्हणाली, “चालतील हो. वास मात्र तो यायचा नाही, तेवढं लक्षात ठेव.”

मित्रहो, परंपरेचे सारे मर्म या उत्तरात आहे असे मला वाटते. बदल आपल्याला नवा नाही. ज्या मिरचीवाचून आज आपले पान हलत नाही, ती अमेरिकेतील वनस्पती असून पोर्तुगीजांबरोबरच आपल्या किनाऱ्यास लागली. ज्यांनी आपल्याला गावातून घालविले, त्यांनी आणलेली वस्तू आपण आपलीशी केली. तेव्हा साहित्य बदलले म्हणून शोक नको. मात्र काय बदलले आणि मूळचे काय होते, हे सांगणारे माणूस घरात असले पाहिजे. ते नसेल, तर उरते केवळ विकतचे पक्वान्न.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या स्मरणिकेत वधूवरांची यादी असते, गुणवंतांची असते, दिवंगतांची असते. पुढील वर्षापासून तिच्यात चार पाने वृद्ध गृहिणींसाठी राखून ठेवावीत. पुरुषांनी स्वतः वही घेऊन आई-आजीपुढे बसावे. ‘अंदाजाने’ म्हणजे नारळाची एक कवड की दोन, हे चिकाटीने विचारून लिहावे. आणि पुढील संमेलनात रांधणाऱ्या भगिनींना पहिल्या पंगतीस बसवून वाढपाचे काम आपण करावे. माझ्या आजीचे ऋण मला आता फेडता येणार नाही. आपल्यापैकी अनेकांना अद्याप ते शक्य आहे.