चौकशीचा कागद आणि कपाटाची किल्ली

(मंडळाच्या यंदाच्या वार्षिक मेळाव्यात सेलू येथे दिलेले व्याख्यान)



क्रिकेटच्या कारभारावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असा प्रश्न आपल्यांपैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. आम्ही जन्मभर मराठी शाळेत मास्तरकी केली, मॅट्रिकपलीकडे आमचे शिक्षण नाही, आणि हातात कधी बॅट धरल्याचे आम्हांस स्मरत नाही. तथापि विषय वरून खेळाचा दिसला तरी आतून तो खेळाचा नाही. एखाद्या संस्थेत पैसा येतो, पैशामागून संशय येतो, आणि संशय फेडण्यासाठी कायद्याच्या जाणत्या माणसास पाचारण केले जाते. त्यानंतर काय घडते, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. गतवर्षीच्या सभेत वसतिगृह-निधीच्या हिशेबाची चौकशी व्हावी अशी मागणी झाली आणि कार्यकारिणीने तिघांची समिती नेमली, हे आपणांस ठाऊकच आहे. विषय निवडण्याचे कारण ते.

१९९७ सालची गोष्ट. मनोज प्रभाकर या खेळाडूने एका इंग्रजी साप्ताहिकातून जाहीर केले की, १९९४ साली श्रीलंकेत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात जाणूनबुजून वाईट खेळण्यासाठी आपणांस एका सहकाऱ्याने पंचवीस लाख रुपये देऊ केले होते. देशभर खळबळ उडाली. क्रिकेट नियामक मंडळाने चौकशीचे काम ज्यांच्याकडे सोपविले, त्यांच्याहून मोठे नाव त्या काळी शोधूनही सापडले नसते. यशवंत विष्णु चंद्रचूड हे आपल्या पुण्याचे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करून ते न्यायमूर्ती झाले आणि १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ भारताचे सरन्यायाधीश राहिले. इतका दीर्घ काळ त्या आसनावर दुसरे कोणीही बसलेले नाही.

अशा पुरुषाने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की, आरोपांत तथ्य आढळत नाही. अहवाल क्रिकेट मंडळाच्या कचेरीत गेला आणि तेथेच राहिला. पुढे एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सट्टेवाल्याशी झालेले संभाषण पकडले, जगभर बोभाटा झाला, आणि मग कोठे त्या वर्षी चंद्रचूडांचा अहवाल लोकांपुढे आला. तोवर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास गेला होता. त्या विभागाने त्याच वर्षाच्या अखेरीस सट्टेवाल्यांचे आणि खेळाडूंचे संबंध आपल्या अहवालात मांडले, आणि डिसेंबरमध्ये क्रिकेट मंडळाने काही नामवंत खेळाडूंवर बंदी घातली. त्यांपैकी काहींवरील बंदी पुढे न्यायालयांनी उठविली, हेही सांगितले पाहिजे.

मग १९९७ साली एवढ्या विद्वान माणसास काही दिसले नाही याचा अर्थ काय? त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे आमच्या मनातही येत नाही. विहिरीत पाणी नाही असा निकाल देण्यापूर्वी पोहऱ्याचा दोर किती लांब होता हे पाहावे लागते. चंद्रचूडांची चौकशी ही क्रिकेट मंडळाने आपल्या घरात नेमलेली चौकशी होती. साक्षीदारास हुकमाने बोलावून शपथेवर विचारावे, बँकेची खाती मागवावी, दूरध्वनीच्या नोंदी तपासाव्या, यांपैकी एकही अधिकार त्यांस कायद्याने नव्हता. जो आला त्याने सांगावयाचे तेवढे सांगितले. आणि कागद पुरा झाल्यावर तो ज्यांच्या कारभाराविषयी प्रश्न होता त्यांच्याच स्वाधीन झाला.

आपल्यांत जे शिक्षक असतील त्यांस शेरेबुक माहीत आहे. विस्तार अधिकारी तपासणीस येतात, मुलांचे वाचन घेतात, पटावरची संख्या आणि वर्गातली डोकी ताडून पाहतात, आणि शेरेबुकात आपला शेरा लिहून पुढच्या गावास निघून जातात. ते शेरेबुक मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. ज्या पालकांची मुले त्या शाळेत शिकतात त्यांनी शेरेबुक पाहिल्याचे आम्ही आमच्या सबंध नोकरीत ऐकले नाही. शेरा खरा असतो, अधिकारी प्रामाणिक असतो, आणि तरी गावास काही कळत नाही.

ही रीत आपल्याच देशाची आहे असे समजू नये. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांचे यजमानपद कसे दिले गेले याचा शोध घेण्यासाठी मायकेल गार्सिया या अमेरिकन वकिलास नेमले होते. त्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये चारशेंहून अधिक पानांचा अहवाल दिला. संघटनेने प्रसिद्ध केला तो ४२ पानांचा सारांश. गार्सिया यांनी त्या सारांशावर आक्षेप घेतला, तो फेटाळला गेला, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. मूळ अहवाल लोकांना वाचावयास मिळाला तो जून २०१७ मध्ये. दरम्यान मे २०१५ मध्ये झुरिचच्या हॉटेलात पोलिसांनी फिफाच्या सात अधिकाऱ्यांना अटक केली होती.

आता नागपूरकडे येऊ. ॲडव्होकेट शशांक मनोहर यांचा जन्म १९५७ चा. वडील व्ही. आर. मनोहर हे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. मुलगाही वकील झाला, आणि विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मार्गाने सप्टेंबर २००८ मध्ये क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षपदी पोहोचला. त्या सुमारापर्यंत त्यांच्यापाशी पारपत्रदेखील नव्हते, असे त्यांच्याविषयी वृत्तपत्रांत छापून आले आहे. अशा माणसाने पुढे जगाच्या क्रिकेटचा कारभार दुबईहून चालविला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, एप्रिल २०१० मध्ये, आयपीएलचे सर्वाधिकारी ललित मोदी यांस अंतिम सामना संपला त्याच रात्री निलंबित करण्यात आले.

परंतु कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. ज्या महिन्यात मनोहर अध्यक्ष झाले त्याच महिन्यात क्रिकेट मंडळाच्या नियम ६.२.४ मध्ये दुरुस्ती झाली. पदाधिकाऱ्याने मंडळाच्या सामन्यांत आपला व्यापारी स्वार्थ ठेवू नये असा तो नियम होता. त्यास ‘आयपीएल वगळून’ अशी पुस्ती जोडली गेली. कारभारी तोच, संघाचा धनी तोच. त्या पुस्तीचे फळ मे २०१३ मध्ये दिसले. आयपीएलमध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणी अटका झाल्या, आणि अटक झालेल्यांत तत्कालीन अध्यक्षांचे जावई होते. क्रिकेट मंडळाने पुन्हा जुनाच मार्ग धरला. दोन निवृत्त न्यायमूर्तींची समिती स्वतःच नेमली, आणि त्या समितीस काही आढळले नाही. या खेपेस मात्र आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २०१३ रोजी ती समितीच बेकायदेशीर ठरविली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती मुदगल आणि नंतर न्यायमूर्ती लोढा यांच्या समित्या झाल्या. या समित्या न्यायालयाने नेमल्या होत्या, त्यांचे कागद न्यायालयाकडे गेले, म्हणून चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ दोन वर्षे बाहेर बसले. २००८ ची ती पुस्ती जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोहर दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले, आणि या वेळी त्यांनी जे केले ते आपण लक्षपूर्वक ऐकावे. पंचवीस लाखांवरील प्रत्येक खर्च मंडळाच्या संकेतस्थळावर लोकांस दिसेल असे त्यांनी जाहीर केले. पदाधिकाऱ्यांच्या हितसंबंधांच्या तक्रारी ऐकण्यासाठी मंडळाबाहेरचा लोकपाल आणला, आणि त्या जागी दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती, मूळचे सोलापूरचे, अजित प्रकाश शहा यांस नेमले. त्याच नोव्हेंबरात ते आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्षही झाले. तेथे २०१४ पासून भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनी उत्पन्नाचा मोठा हिस्सा आणि निर्णयाची सूत्रे आपल्याकडे घेतली होती. तिघांनी बाकीच्यांवर दादागिरी करणे आपणांस मान्य नाही, असे मनोहरांनी उघड सांगितले. आपल्या देशाच्या मंडळाचे प्रमुखपद आणि परिषदेचे प्रमुखपद एका माणसाकडे असू नये असा नियम झाला. मे २०१६ मध्ये त्यांनी भारतीय मंडळाचे पद सोडले आणि परिषदेचे पहिले स्वतंत्र अध्यक्ष झाले.

जून २०१७ मध्ये नवी वाटणी ठरली. २०१६ ते २०२३ या आठ वर्षांसाठी भारताला ४० कोटी ५० लाख डॉलर, इंग्लंडला १३ कोटी ९० लाख, दुसऱ्या सात पूर्ण सदस्यांना प्रत्येकी १२ कोटी ८० लाख आणि झिम्बाब्वेला ९ कोटी ४० लाख. भारताला जुन्या हिशेबाने सुमारे ५७ कोटी मिळावयाचे होते. साहजिकच आपल्याकडे पुष्कळांनी मनोहरांवर राग धरला. घरचा माणूस वाटणीस बसला आणि घराचाच वाटा कमी करून आला, हे कोणास आवडेल? आपल्या गावांतून शेताच्या वाटण्या होतात, त्यांत थोरल्याने कमी बांध घेतला तर धाकटे त्याचे पाय धरतात, पण थोरल्याच्या घरात मात्र चार दिवस चूल पेटत नाही. आमचे मत विचाराल तर मनोहरांनी केले ते योग्य केले. जे पैशाने मोठे आहेत त्यांनीच नियम लिहावे, तर दुसऱ्यांनी खेळावयास यावे तरी कशाला?

२०२० च्या जुलैत त्यांनी पद सोडले. तीन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, पुढील चार वर्षांची वाटणी ठरली, आणि तीत भारताचा वाटा सुमारे साडेअडतीस टक्क्यांवर गेल्याची वृत्ते आली. माणूस गेला आणि वाटणीपत्र पुन्हा लिहिले गेले. क्रिकेट मंडळाची नवी घटनाही अशीच सैल होत गेली. लोढा समितीने एका मुदतीनंतर पदाधिकाऱ्याने तीन वर्षे घरी बसावे असे सुचविले होते. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने ते दोन मुदतींनंतर झाले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य संघटना व मंडळ मिळून सलग बारा वर्षांपर्यंत मोकळीक मिळाली. २०१८ चा तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे १९९७ च्या चौकशीकर्त्यांचे चिरंजीव. पिता क्रिकेट मंडळाच्या निमंत्रणावरून गेले होते. पुत्र देशाच्या न्यायासनावरून बोलले, आणि क्रिकेट मंडळास ते ऐकावे लागले. घटना सैल झाली खरी, पण ती प्रत्येक वेळी सर्वांच्या देखत, न्यायालयाच्या निकालपत्रातून झाली, आणि ते निकालपत्र आपणही वाचू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत करून खेळांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. तिचा अनुभव यावयाचा आहे.

आता आपल्या घरचे दोन शब्द, अध्यक्षमहाराजांची क्षमा मागून. आपल्या समितीतील तिन्ही सभासद सज्जन आहेत, आणि त्यांस आम्ही लहानपणापासून ओळखतो. परंतु तिघेही कार्यकारिणीनेच नेमले, आणि अहवाल कार्यकारिणीसच द्यावयाचा असे ठरावात लिहिले आहे. वसतिगृहासाठी ज्या कुटुंबांनी वर्गणी दिली, त्यांत मानवत-पाथरीकडील पुष्कळ भगिनींनी दुधाच्या पैशांतून दिलेली रक्कमही आहे. पावतीपुस्तकात ती नावे आहेत. त्यांतील एकीनेही समितीपुढे काय आले हे अद्याप वाचलेले नाही, कारण वाचावयास काही दिलेलेच नाही. समितीत एक सनदी लेखापाल ज्ञातीबाहेरचा घ्यावा, तिघांस पावतीपुस्तके व बँकेचे पासबुक मागण्याचा अधिकार ठरावाने द्यावा, आणि अहवाल कार्यकारिणीस द्यावयाच्या दिवशीच स्मरणिकेच्या संपादकांकडेही द्यावा व तो पानांची काटछाट न करता छापावा, अशी लेखी सूचना आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे. उद्याच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ती नवव्या क्रमांकावर आहे. सभा दहा वाजता सुरू होते, आणि जेवणाची पंगत एक वाजता बसते. नववा विषय येईपर्यंत सभागृहात बसून राहावे, एवढी विनंती.