पेला भरणाऱ्याची जबाबदारी



भातकुलीहून अमरावती जवळ. आपली पोरे तिथल्या हॉटेलांत वेटरचे काम धरतात. दारू पिऊ नये, हे आम्ही नेहमीच सांगतो. पण पेला भरून देण्याचेच काम ज्याच्या वाट्याला आले, त्याने काय करावे? आज तेवढेच बोलू.

गाडगेबाबा आपल्याच मुलखातले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून त्यांनी गोड जेवण घातले. पाहुण्याचे भले पाहणे हे वाढणाऱ्याचे काम आहे.

पहिली गोष्ट वयाची. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21 वर्षे पुरी लागतात, कडक दारूला 25. आता वाचता येते ना? मग ओळखपत्रावरची जन्मतारीख वाचा.

दुसरी गोष्ट मापाची. लहान पेग म्हणजे 30 मिलीलिटर. तो उतरायला सुमारे तास लागतो. लिंबू, कॉफी, थंड पाणी यांनी नशा लवकर उतरत नाही. म्हणून पेला भरण्याची घाई करू नये. आधी खायला द्यावे.

तिसरी गोष्ट गाडीची. 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलीग्रॅमहून जास्त मद्य आढळले, तर गाडी चालवणे हा गुन्हा ठरतो. गिऱ्हाइकाची जीभ अडखळली, तोल जाऊ लागला, की हात जोडून म्हणावे, “भाऊ, आता बस झालं. जेवून घ्या. मी ऑटो बोलावतो.”

मालकांनीही नव्या पोराला हे शिकवूनच कामाला लावावे. बिल थोडे कमी होईल. पण रागावलेले गिऱ्हाईक उद्या परत येते. रस्त्यात मेलेले येत नाही, आणि घरची माणसे दाराकडे पाहत राहतात.