यशाची टक्केवारी आणि तिचा छेद
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



अपत्यहीन दाम्पत्यांना टेस्ट ट्यूब बेबी उपचारासाठी साहाय्य करणारा स्वतंत्र निधी उभारावा, अशी सूचना काही देणगीदारांनी केली आहे. तिचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. सूचनेसोबत एक अटही आहे : ज्या केंद्राच्या यशाची टक्केवारी सर्वाधिक, तेथेच रुग्ण पाठवावेत. या अटीविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती असावी. मी डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे; त्यामुळे बोलेन ते आकड्यांविषयीच.

साखरेचा उतारा म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तो गाळलेल्या उसावर काढतात, निघालेल्या रसावर नव्हे. रसावर काढला तर आकडा मोठा दिसेल, पण पोत्यांत साखर तेवढीच भरेल. या उपचारांच्या यशाचेही तसेच आहे. उदाहरणादाखल समजा, शंभर स्त्रियांनी इंजेक्शने घेण्यास प्रारंभ केला. काहींची स्त्रीबीजे पुरेशी वाढली नाहीत, काहींच्या बाबतीत फलन झाले नाही. गर्भरोपणापर्यंत 80 जणी पोहोचल्या. त्यांपैकी 32 जणींची रक्ततपासणी होकारार्थी आली. पुढे काहींचा गर्भ टिकला नाही आणि 24 जणी बाळ घेऊन घरी गेल्या. आता 80 पैकी 32 म्हणजे 40 टक्के यश आणि 100 पैकी 24 म्हणजे 24 टक्के यश. गणित दोन्हींचे बरोबर आहे. जाहिरातीसाठी पहिला आकडा सोयीचा. पण दागिने मोडून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून आलेल्या दाम्पत्याचा खर्च पहिल्या इंजेक्शनपासून सुरू झालेला असतो, म्हणून त्यांच्या कामाचा आकडा दुसरा.

वयाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ब्रिटनमध्ये शासकीय नियामक संस्था सर्व केंद्रांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध करते. तेथील 2019 च्या आकडेवारीनुसार, 35 वर्षांखालील स्त्रियांमध्ये रोपण केलेल्या गर्भांमागे जन्माचे प्रमाण 32 टक्के होते. 43 व त्यापुढील वयात, स्वतःचेच स्त्रीबीज वापरले असता, ते पाच टक्क्यांहूनही कमी होते. तेव्हा एखाद्या केंद्राने वय झालेल्या स्त्रियांना दारातूनच परत पाठवले, तर डॉक्टरांचे कौशल्य तसूभरही न वाढता टक्केवारी वाढेल. दात्या स्त्रीच्या बीजाचे उपचार त्याच हिशेबात मिसळले, तरी ती वाढेल. एकाच वेळी दोन-तीन गर्भ सोडले, तरीही वाढण्याचा संभव असतो; मात्र जुळी-तिळी बाळे पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची जन्मतात आणि नवजात अतिदक्षता विभागाचे देयक कुटुंबाच्या हाती पडते. केंद्राच्या फलकावर तेही यशच.

म्हणजे सर्वाधिक टक्केवारीची अट आपण घातली, तर शाहूवाडीहून वा गडहिंग्लजहून आलेल्या एकेचाळीस वर्षांच्या भगिनीला सर्वप्रथम नकार मिळेल. आपल्या देणगीदारांच्या मनात हे नसणार, याची मला खात्री आहे.

या शास्त्राच्या आपल्या देशातील इतिहासात नोंदींचे मोल सांगणारी एक घटना आहे. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून कु. हर्षाचा जन्म झाला आणि भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचे नाव झाले. परंतु कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 3 ऑक्टोबर 1978 रोजीच असा जन्म जाहीर केला होता. शासकीय समितीने तो दावा फेटाळला आणि 1981 मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. पुढे आनंदकुमार यांनी स्वतः मुखोपाध्यायांची टिपणे तपासली आणि 1997 मध्ये पहिलेपणाचा मान त्यांचाच असल्याचे जाहीर केले. आपल्या पदरी पडलेला मान जुन्या वह्या वाचून दुसऱ्यास देणारी माणसे विरळाच.

आज कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. 2021 च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमानुसार केंद्राची नोंदणी आवश्यक असून यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि एकाहून अधिक गर्भ राहण्याचा धोका दाम्पत्यास समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक आहे. स्त्रीसाठी 50 आणि पुरुषासाठी 55 ही वयोमर्यादा आहे. आप्तजनांनी हे मागून घ्यावे, मागण्यात संकोच कसला? आणि आणखी एक : सून तपासण्यांसाठी वर्षानुवर्षे खेपा घालते, पण मुलाची वीर्यतपासणी झालेलीच नसते, हे चित्र अजून पुरते पुसलेले नाही. ती तपासणी साधी आणि तुलनेने अल्प खर्चाची आहे. ती आधी व्हावी.

निधीसाठी माझा प्रस्ताव असा. केंद्राकडून वयोगटानुसार लेखी माहिती घ्यावी : किती स्त्रियांचे उपचार सुरू झाले, कितींना जिवंत मूल झाले, त्यांत जुळी किती आणि दात्या बीजाची प्रकरणे किती. ती न देणाऱ्या केंद्राशी करार करू नये. साहाय्य देताना दाम्पत्याला त्यांच्या वयोगटाचा आकडा मराठीत लिहून द्यावा, आणि उपचार निष्फळ ठरल्यास समुपदेशनाचा खर्चही निधीतूनच व्हावा. पुढील अहवालात या निधीचा जमाखर्च देताना, ज्यांना मूल झाले नाही त्या दाम्पत्यांची संख्याही त्याच तक्त्यात छापली जाईल. विश्वस्त मंडळाने यास मान्यता द्यावी, ही विनंती.