निळीच्या कुंडांचं कानो

उत्तर नायजेरियातलं कानो हे हौसा लोकांचं जुनं व्यापारी शहर. दाला टेकडीच्या पायथ्याशी वस्ती झाली आणि भोवती मातीचा प्रचंड तट उभा राहिला. पंधराव्या शतकातल्या मुहम्मदू रुम्फा या राजाने इथला कुर्मी बाजार वसवला, असं परंपरा सांगते. सहारा ओलांडून उंटांचे तांडे येत, कातडी आणि कापड लादून परतत.

या कापडाची खरी शान पाहायची ती कोफर माता वेशीजवळ. जमिनीतल्या खोल गोल कुंडांत नीळ आणि राख आंबवतात. रंगारी कापड पुन्हा पुन्हा बुचकळतो. वर काढलं की हिरवट छटा हवेत हळूहळू निळी होते. मग लाकडी ठोकळ्यांनी कुटून त्याला चकाकी आणतात. वाळवंटातल्या तुआरेग लोकांना हे कापड अतिशय प्रिय. 1851 मध्ये कानोला आलेला जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ हा व्यापार पाहून थक्क झाला होता.

हौसांसोबत इथे फुलानी, वांगारा आणि अरब व्यापारी स्थायिक झाले. 1903 मध्ये ब्रिटिशांनी शहर जिंकलं. पुढे रेल्वे आली आणि तटाबाहेरच्या साबोन गारीत इग्बो, योरुबा कुटुंबं राहू लागली. 1966 मध्ये इथल्या इग्बोंची कत्तल झाली. ती वगळून कानोचा इतिहास सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.