कोयत्याच्या हिशेबातील स्त्री

(गारखेडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



कौटुंबिक हिंसाचार हा विषय समाजकार्याच्या अभ्यासकांवर सोपवावयाचा आणि आपण मजुरीच्या दराकडे वळावयाचे, ही आपल्या चळवळीची जुनी खोड आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. हे दोन विषय वेगळे नाहीत, एवढेच आज मला मांडावयाचे आहे.

मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तेथे माणसे मोजली जात नाहीत. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एकटी विधवा वा परित्यक्ता आली तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचल जोडीच्या श्रमावर दिली जाते, परंतु बोलणी पुरुषाशी होते आणि रक्कमही बहुधा त्याच्याच हाती पडते.

आता या हिशेबात मारहाणीचे स्थान पाहा. मार असह्य होऊन बाई माहेरी गेली की कोयता मोडतो, उचल फिटत नाही आणि मुकादम दोन्ही घरांच्या दारात उभा राहतो. मग तिला परत धाडण्यात नवऱ्याचा, सासरचा, मुकादमाचा आणि कित्येकदा तिच्या बापाचाही स्वार्थ एकवटतो. दारूला दोष देणे सोपे आहे, आणि दारू आहेच. परंतु दारू उतरल्यावरही तिला त्या कोपीत डांबून ठेवते ते कर्ज.

आपली संशोधनपद्धती येथवर पोहोचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. ही पाहणी राज्यात २०१९ च्या उत्तरार्धात झाली. गावे निवडली होती २०११ च्या जनगणनेवरून. हंगाम सुरू होताच ऊसतोड्यांच्या घरांना कुलूप लागते. शिवाय हिंसेविषयीचे प्रश्न एकांत मिळाला तरच विचारावयाचे, असा त्या पाहणीचा नियम आहे. नियम अगदी योग्य. पण प्लास्टिकच्या कोपीत एकांत कोठून आणावयाचा?

एक आकडा मात्र बाहेर आला. बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. प्रत्येकीचे कारण एकच होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु दुखण्यामुळे एक दिवस पडला तरी 'खाडा' म्हणून दंड कापला जातो, तेथे पाळी हीच अडचण वाटू लागते. या प्रकाराला हिंसा म्हणण्यास मी कचरत नाही.

कायदा अपुरा आहे असेही नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्याची मुभा देतो. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात म्हटले आहे. पण टोळीचा मुक्काम फडाबरोबर हलतो. साठ दिवसांनी बाई कोठे असेल?

टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला, कारण पीडित स्त्री तेथे येत होती. समाजकार्य म्हणतात ते हेच. बाकी पुष्कळसे अहवाललेखन असते! त्याच न्यायाने साखर कारखान्याच्या तळावर गाळपाचे पाच महिने असा कक्ष का नसावा?

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. वाढ चांगलीच, पण तीही मिळाली कोयत्याला. पुढील करारात स्त्रीच्या नावाची स्वतंत्र नोंद, तिच्या खात्यात तिची मजुरी, आणि मारहाणीमुळे तिने काम सोडल्यास राहिलेली उचल तिच्या वा माहेरच्या माथी मारता येणार नाही, अशी अट आपण मागितली पाहिजे. 'घर फोडता काय?' असे विचारणारे आपल्याच युनियनमध्ये निघतील. संगमनेरला १९८८ साली समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरविली, तेव्हाही हाच सूर लागला असेल.

गारखेड्याच्या आसपासच्या वस्त्यांत ऊसतोड सोडून शहरात आलेली कुटुंबे आहेत. मागण्यांचा मसुदा लिहिण्यापूर्वी आपल्या कार्यकर्त्या भगिनींनी दुपारी, पुरुष कामावर असताना, तेथील बायांकडे जाऊन बसावे.